महापापी

आमच्या लोणावळ्याच्या चर्चमधले एक गृहस्थ प्रार्थनेला उभे राहिले की हात पसरून म्हणतात, “प्रभू, मी महापापी!” मग प्रवचनात डुलक्या घेणाऱ्यांसाठी, उशिरा येणाऱ्यांसाठी क्षमा मागतात. कोण ते सगळ्यांना कळतं. आम्ही माना खाली घालून बसतो.

परवाच्या रविवारी ते खाली बसले आणि कान्हे गावाहून येणाऱ्या एक मावशी उठल्या.

“देवबापा, हे भाऊ दर रविवारी रडून सांगत्यात, ते लय पापी हायेत. त्यांना माफ कर.”

मावशींचे डोळे भरले होते. कुणाच्या तोंडून ‘आमेन’ निघेना. भाऊंचे कान लालबुंद झाले. प्रार्थना चालू असतानाच ते गर्रकन वळले.

“मावशी, कोण म्हणतं मी पापी?”

मावशी गोंधळल्या. “तुमीच की, भाऊ.”