कोठारातली तेलकट पेटी

आमचे हे सरकारी दारूकोठाराचे हवालदार होते. आमचं घर कोठाराच्या कुंपणापलीकडे, बडोद्याबाहेर तरसाली गावाच्या वाटेवर. विहिरी खोदताना खडक फोडायच्या सुरुंगाच्या कांड्या तिथे लाकडी पेट्यांत, भुशात निजवलेल्या असत.

एका उन्हाळ्यात खालच्या थरातल्या पेटीच्या कोपऱ्यावर तेलकट डाग दिसला. झाकणही जरा उचललेलं. "कुणीतरी उघडून परत लावलीय," हे म्हणाले. कोठारातून आले की डोकं धरून बसत. मला वाटे, काळजीनं.

तो काळच तसा होता. कुठे बाँब सापडला की छावणीतले गोरे साहेब बडोद्याकडे संशयानं बघत. आणि माझा धाकटा भाऊ जवळच्याच गोरवा गावी मास्तर. स्वदेशी जाडंभरडं नेसायचा, पुण्याची वर्तमानपत्रं वाचायचा, दर रविवारी आमच्याकडे जेवायला आला की त्यातलंच बोलायचा.

"रविवारी तो कुठं बसला होता?" यांनी विचारलं.

"ओट्यावर. माझ्यासमोर."

"सगळा वेळ?"

मधे मी भाकऱ्या टाकायला आत गेले होते. ते मी बोलले नाही, पण मनात किडा वळवळायला लागला.

पुढच्या रविवारी भावानं उपरणं खुंटीला टांगलं. तो पाय धुवायला गेल्यावर मी ते नाकाशी धरलं. नुसता घामाचा वास. वळले, तर तो दारात उभा.

"काय शोधतेस, अक्का?"

मला खोटंही सुचेना. सगळं सांगितलं. तो जेवलाच नाही. उपरणं घेऊन निघून गेला.

यांनी वर कळवलं होतं, त्यावरून खाणकामातले एक पारशी साहेब आले. पेटीला हात न लावता त्यांनी विचारलं, "हवालदार, हल्ली डोकं दुखतं?"

"फार."

"ते या मालानंच. कुणी काही उघडलेलं नाही. उष्म्यानं जुन्या कांड्यांतलं तेल पाझरतं, त्याच ओलीनं लाकूड फुगून झाकण उचलतं. आता हिला धक्कासुद्धा नको."

त्यांनी आसपासची घरं रिकामी करवली आणि आपल्या माणसांकडून ती पेटी अलगद दूर माळावर नेऊन नष्ट करवली. धमाका आम्ही धर्मशाळेच्या अंगणात ऐकला. "तिच्यावर हात टेकून मी रोज बाकीच्या पेट्या तपासत होतो," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे स्वतः गोरव्याला गेले आणि भावाला घेऊन आले. पानावर बसताना तो यांना म्हणाला, "दाजी, तुमची नोकरीच तशी. मला तुमचा राग नाही."

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

पुढेही तो यायचा, पोरांना खाऊ आणायचा. पण वर्तमानपत्रातली गोष्ट त्यानं आमच्या घरात पुन्हा कधी काढली नाही. आंबे कसे आलेत, एवढंच बोलायचा.