सुनीलला पेशी झाल्या

पिंपळवंडीच्या साळुबाईला भिणारे पुष्कळ, साळुबाई कुणाला भिणार? उसात बिबट्या गुरगुरला तरी "मर मेल्या, माझ्या कांद्यात लोळू नको" म्हणत काठी आपटणारी बाई ती. पण एका शब्दानं तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. तो शब्द म्हणजे पेशी.

हसू नका राव. तिचा एकुलता एक सुनील ऐन तिशीत रक्ताच्या कॅन्सरनं गेला. घरातल्या बाप्यांनी तिच्यापुढं कॅन्सरचं नावच काढलं नाही. "पांढऱ्या पेशी लई वाढल्यात," एवढंच तिच्या कानी पडलं. झालं! खरूज-नायटा जसा एकाचा दुसऱ्याला लागतो, तशा पेशीही लागतात, असं तिनं पक्कं धरलं. खोडून काढायची कुणाची टाप होती?

सुनीलची लेक समृद्धी आता अकरावीला, ओतूरच्या कॉलेजात. परवा ती नाचतच घरी आली. "आज्जी, आज मॅडमनी माझ्या गालातल्या पेशी दाखवल्या! लई भारी दिसतात."

भाकरी थापता थापता साळुबाईचे हात थांबले. बापाच्या मागं पोरीलाही?

"नीट बघितलं का त्यांनी?"

"मीच बघितल्या की. ढीगभर हायेत."

ढीगभर! पोरगी पुढं काय काय सांगत होती, ते म्हातारीच्या कानात शिरलंच नाही. सून नूतन माहेरी गेलेली, विचारणार तरी कुणाला? सकाळच्या एसटीनं तिनं नातीला दंडाला धरून ओतूर गाठलं आणि थेट प्रयोगशाळेत शिरली.

"बाई, खरं काय ते सांगा. हिच्या बापाला ह्याच झाल्या व्हत्या. हिच्याकडं किती दिस हायेत?"

जीवशास्त्राच्या वैजयंती मॅडम बघतच राहिल्या. मग समृद्धी हळूच म्हणाली, "मॅडम, पप्पा ब्लड कॅन्सरनं गेले," तेव्हा कुठं त्यांना उलगडा झाला.

"आजी, पेशी म्हणजे रोग नाही. तुमच्या अंगातही आहेत."

"अगं बाई! मला बी?" साळुबाई मटकन स्टुलावर बसली.

"तुम्हाला, मला, दारातल्या कुत्र्याला. तुमच्या कांद्यालासुद्धा."

"माझ्या कांद्याला काय नाय झालेलं! टणटणीत हाय!"

मॅडमनी वाद घातला नाही. कांद्याचा पापुद्रा सोलला, काचेवर ठेवला आणि म्हातारीचा डोळा मायक्रोस्कोपला लावला.

"आई गं! हे तर विटांचं बांधकाम! कुनी बांधलं?"

"हेच कळायला माणसाला दोनशे वर्षं लागली, आजी," मॅडम म्हणाल्या. साडेतीनशे वर्षांमागं विलायतेत एकानं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला. त्याला बारक्या रिकाम्या खोल्या दिसल्या, म्हणून त्यांच्या भाषेत पेशीला खोलीचंच नाव पडलं. मग हॉलंडातल्या एका कापडवाल्यानं स्वतः घासलेल्या भिंगातून तळ्याचं पाणी आणि दातांवरचा मळ बघितला, तर त्यात जीव वळवळत होते! पुढं जर्मनीतले दोघं म्हणाले, झाड काय नि जनावर काय, सगळं पेशींचंच बनलेलं. "पण नवी पेशी येते कुठून, इथं ते फसले. त्यांना वाटलं, काकवीत साखरेचे खडे धरतात, तशी ती रसात आपोआप धरते. खरं काय, तर पेशी पेशीपासूनच होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार."

"मग माझ्या सुनीलला कुठनं आल्या?"

"बाहेरून नाही आल्या. त्याच्या स्वतःच्याच होत्या. त्यातली एक बिघडली आणि तिच्यापासून तशाच होत गेल्या."

"म्हंजी त्याच्याच रक्तानं त्याला खाल्लं?" साळुबाईनं पदर तोंडात धरला. मग नातीकडं बोट करून विचारलं, "आन ही?"

"ठणठणीत आहे. हिला काहीसुद्धा झालेलं नाही."

म्हातारीनं नातीच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. आणि एकदम थबकली.

"बाई, म्हंजी त्या एकाच्या दुसऱ्याला लागत न्हाईत?"

"नाही."

"जवळ बसलं तरी? मांडीवर घेतलं तरी?"

"तरीही नाही."

साळुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मॅडम घाबरल्या. समजूत घालायला म्हणाल्या, "आजी, असं मनाला लावून घेऊ नका. अहो, एवढे मोठे विद्वान, तेही चुकलेच ना?"

"त्यांच्या चुकीनं कुनाचं लेकरू दाराबाहेर नाय ऱ्हायलं, बाई!"

प्रयोगशाळेतली पोरं वळून बघायला लागली. म्हातारीला त्यांचं भान नव्हतं. ती समृद्धीकडं वळली. "तीन वर्साची व्हतीस तू. तो आतनं, खाटंवरनं हाका मारायचा, समे, ये गं, समे. तू दारावर थापा मारायचीस. आन म्या कडी लावून घ्यायची. तुला पेशी लागत्याल म्हनून."

समृद्धीला त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. आजवर तिला हे कुणी सांगितलंही नव्हतं.

"पप्पा मला हाका मारायचे?"

"रोज," साळुबाई म्हणाली. "गेला त्या दिशी बी."