मधलं घर

बायनाबाईच्या कनवटीला किल्ली एकच, आणि तीही स्वतःच्या घराची नाही. तिच्या घराला कुलूप कधी लागलंच नाही. चोरानं येऊन न्यावं तरी काय, असं तीच म्हणायची. किल्ली होती शेजारच्या दोन खोल्यांची, लेकाच्या. गहिनीनाथ आणि सून छबुबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. शिरूर कासारकडच्या त्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांच्या कनवटीला अशी एखादी किल्ली असे. बसताना ती टोचली की लेकरांची आठवण होते, असं त्या एकमेकींना हसून सांगत. हसणं वरवरचंच होतं.

दुष्काळाच्या एका वर्षी, ऐन माघात, बीडहून एक बाई पाहणीला आल्या. गावातल्या साधारण घराची वर्षाची कमाई किती, ते त्यांना काढायचं होतं. आता कमाई खरी कोण सांगतो? बागायतवाला रडगाणं गातो, आणि ज्याची चूल धड पेटत नाही तो पाहुण्यांसमोर मिशीला पीळ देतो. दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव या सगळ्यांना ओळखून होते. ते म्हणाले, "आकडा कुनी सांगनार न्हाई. पन आपल्या वर कोन अन् खाली कोन, ते ज्याला त्याला पाठ हाय."

मग सोसायटीच्या ओट्यावर घरामागे एक दगड अशी रांग मांडायचं ठरलं, सगळ्यांत सधन घरापासून सगळ्यांत गरीब घरापर्यंत. दोन्ही टोकांनी एकेक दगड उचलत आत यायचं. शेवटी उरेल ते मधलं घर. तिथं निवांत बसून कमाई विचारायची. बाईंना ते पसंत पडलं.

रांग लावताना सुंदररावांनी गहिनीनाथच्या नावाचा दगड उचलला, तोच बायनाबाईनं त्यांचा हात धरला.

"त्येच्या नावानं दगुड मांडू नको. दगुड दहाव्याला मांडतेत. माझं लेकरू जित्तं हाय."

ओट्यापाशी बसलेल्या बाकीच्या म्हाताऱ्याही चुळबुळल्या. आमच्याबी पोरांचा नको, आमच्याबी नको. सुंदररावांच्या जिवावर आलं, पण इतक्या आयांचा शब्द मोडणार कोण? कुलपाच्या घरांचे सगळे दगड त्यांनी बाजूला सारले. रांग आखूड झाली. मधलं घर निघालं बंकटचं, ज्याच्या विहिरीला त्या दुष्काळातही पाणी होतं आणि गोठ्यात दोन जर्सी गाई होत्या. कागदावर गाव खाऊनपिऊन सुखी ठरलं.

जाताना गहिनीनाथ सांगून गेला होता, "आई, गावात काम निघालं तर म्होरल्या साली जायचो न्हाई. हितंच ऱ्हातो." त्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायचं काम निघालं, पण शेजारच्या गावात. तिथली पाहणी तोडीची माणसं परतल्यावर झाली होती, म्हणून ते गाव जास्त गरीब दिसलं आणि काम त्याला मिळालं. गहिनीनाथ पाडव्याला आला, गावात काम नाही हे कळेपर्यंत राहिला, आणि साखर कारखान्याकडच्या एका बागायतदाराकडे सालगडी म्हणून निघून गेला. छबुबाईही गेली. पुढे ती दोघं फक्त दिवाळीला येऊ लागली, आणि एका दिवाळीला तेही नाही.

काम कुठं अडलं ते सुंदररावांनी एकदा बायनाबाईला सांगितलं, बोल न लावता. पण दूध घालायला सोसायटीत गेली की ओट्यावर तिला आपलाच हात दिसायचा, मायेपोटी सुंदररावांना अडवणारा. लेकाच्या खोल्या ती दर सोमवारी शेणानं सारवायची. सारवून झालं की त्याच्या उंबऱ्यावर टेकायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. त्याचा आवाज ऐकावासा वाटायचा, आणि फोनवर ऐकला की त्याला समोर बघावंसं वाटायचं.

पुन्हा दुष्काळ पडला, पुन्हा माघ, पुन्हा त्याच बाई आल्या. ओट्यावर दगडांची रांग लागली. कुलपाची घरं याही वेळी वगळायची का, म्हणून सुंदररावांनी बायनाबाईकडे पाहिलं. ती उठली आणि कनवटीची किल्ली सोडून तिनं पुढे केली.

"दगुड न्हाई. ही मांडा."

सुंदररावांनी गहिनीनाथच्या घराची जागा हेरून किल्ली तिथं ठेवली. मग बाकीच्याही म्हाताऱ्या उठल्या. पितळी, लोखंडी, दोऱ्यातल्या, चिंधीतल्या किल्ल्या निघाल्या. रांग ओट्यावर मावेना, तेव्हा ती पायरीवरून खाली वळवली. दोन्ही टोकांनी उचलत उचलत सुंदरराव आत आले. शेवटी उरली ती बायनाबाईची किल्ली.

"चला, त्या घरी बसून विचारू या," पाहणीच्या बाई म्हणाल्या.

बायनाबाईनं कुलूप उघडलं. जमीन सारवलेली, फळीवर दोन ताटं पुसून ठेवलेली. बाई भिंतीला टेकून बसल्या.

"घरात माणसं किती?"

"दोन. लेक अन् सून."

"कधी भेटतील?"

बायनाबाईनं पदरानं ताट पुन्हा एकदा पुसलं.

"गावात काम निघालं की."

बाई गेल्यावर सुंदररावांनी विचारलं, आत्या, कुलूप लावू का? तिनं नको म्हटलं.