डोळ्यात पाहून इचारा

"काही बी इचारा काका, पण माह्या डोळ्यात पाहून इचारा," असं म्हणत ती खुर्ची पुढे ओढायची, पदर सारखा करायची आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसायची. तुमच्यापैकी कोणी तेव्हा चिखलीत आमच्या गल्लीत राहत असेल, तर तिने तुम्हालाही कुठे ना कुठे गाठलं असणार.

एसटीतली नोकरी संपल्यावर मी घराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका काढली होती. टेबलं, खुर्च्या, पंखे आणि पिण्याचं पाणी, एवढंच भांडवल. बँकेची, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी यायची. त्या सगळ्यांत ती वयाने मोठी. लग्न होऊन जानेफळला गेलेली, नवरा भाजीपाल्याची शेती करणारा. अभ्यासासाठी ती चिखलीला भावाकडे राहिली होती. लहानगी मुलगी मात्र गावी, बापाजवळ आणि आजीजवळ.

आदल्या वर्षी ग्रामीण बँकेच्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा ती पास झाली होती. मुलाखतीला गेली, आणि समोर बसलेली माणसं पाहून तिची वाचाच बसली.

"सोताचं नाव सांगतलं काका, अन् मंग गावाचं नावच आठवे ना," ती म्हणाली. मी हसलो. मग लक्षात आलं, ती हसत नव्हती.

यंदा पुन्हा लेखी पास झाली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. पोरांनी तिला पुण्याच्या क्लासचे व्हिडिओ दाखवले, कसं बसायचं, कसं हसायचं. तिने ते पाहिले आणि फोन परत केला.

"मले पुस्तकाचं भेव नाही वाटत, माणसाचं वाटते. मंग माणसाईतच बसा लागीन."

आणि ती खरंच माणसांत जाऊन बसली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून सुरुवात झाली; बँकेचं काहीही विचारा, असं तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मी गेलो का तुमच्या बँकेची लिंक फेलच काऊन राह्यते?"

"दादा, मी अजून बँकेत लागली नाही."

"मंग इचाराले काऊन लावता?"

तिला ते पटलं. तिथेच बाकड्यावर बसून तिने त्याला बँकेचं काम नेटवर्कवर कसं चालतं ते समजावलं. तो इतका रंगून ऐकत होता, की एका गुरुजींच्या सदऱ्याची कॉलर करपली. गुरुजींची समजूत घालायलाही तीच गेली.

भाजी विकणाऱ्या एका आजीने विचारलं, "माहं खातं बंद काऊन पडलं?" या प्रश्नावर ती अडली. कागदावरचं उत्तर तिला येत होतं, पण आजीला उमजेल असं काही तोंडून निघेना. दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन शाखेत गेली. आधार कार्डाची प्रत द्यायची राहिली होती, ती दिली, सही-अंगठा केला आणि खातं पुन्हा चालू करून घेतलं. परत आली ती रागातच होती. "पुस्तकात हे दोन ओळीत हाये काका. आजी कितीक चकरा मारून थकली. कोणी तिले बसवून सांगतलंच नाही."

मुलाखत जवळ आली तशी आम्ही अभ्यासिकेत तालीम ठेवली. मी मधल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना बँकेची तयारी करणारे दोघं. ती आता धीटपणे बोलत होती. पीककर्ज, बचत गट, मोबाईलवरची फसवणूक, सगळी उत्तरं नीट येत होती. तेवढ्यात डावीकडच्या पोराने विचारलं, "ताई, बदली दूर झाली तर पोरीचं काय करसान?"

तिचे डोळे भरून आले. पाणी प्यायली, उठली आणि जिना उतरून गेली. ते पोरगं घाबरं होऊन माझ्याकडे पाहत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या भावाने सांगितलं, जानेफळला गेली. मला वाटलं, संपलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती हजर. सरळ त्या पोरासमोर जाऊन बसली.

"तोच प्रश्न इचार."

"राहू द्या ना ताई."

"इचार म्हन्तो ना बे!" आणि मग तीच हसली.

नंतर तिने मला सगळं सांगितलं. "उत्तर कुठून येईन काका? म्या घरी कधी इचारलंच नव्हतं. भेव वाटे, नाही म्हन्तीन म्हणून." जानेफळला जाऊन तिने नवऱ्याला विचारलं. तो मिरच्या तोडत होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "मी तं वाटच पाहून राह्यलो होतो, तू कवा इचारते म्हणून. तू जाय. पोरीले मी पाह्यतो." सासू मात्र त्या रात्री नीट जेवली नाही. सकाळी नातीचे केस विंचरताना सुनेकडे न पाहता एवढंच म्हणाली, "वेणी मले बी घालता येते."

मुलाखत नागपूरला होती. मलकापूरहून गाडी पकडून ती आणि नवरा गेले. आल्यावर पेढे नव्हते, पण तिचा चेहरा उजळलेला होता.

"एका साहेबानं मोठ्ठ्यानं टेबलावर हात आपटला," ती सांगत होती. "म्हणे, समजा मी चिडलेला ग्राहक आहे, आता काय करता? मी उठून उभी राह्यली अन् म्हणलं, आधी बसा, पाणी घ्या. साहेब तं बसेलच होते! सगळे हसले. मंग मी बी हसली. अन् मंग काका, भेव कुठं गेलं कोण जाणे, मी बोलतच राह्यली."

निवड झाली. नेमणूक मिळाली ती गडचिरोलीकडे, जंगलाच्या कडेच्या एका शाखेत. गल्लीतल्या काहींनी नाक मुरडलं, एवढ्या लांब बाईमाणसाने कशाला जावं म्हणून. तिने कोणाशी वाद घातला नाही. निघायच्या दिवशी चिखलीच्या स्टँडवर नवऱ्याच्या कडेवर मुलगी होती. लेक रडली नाही, आईच रडली. नवऱ्याने बॅग वर ठेवली, खिडकीतून डबा दिला आणि बस वळेपर्यंत मुलीचा हात धरून हलवत राहिला.

काही महिन्यांनी दुपारी तिचा फोन आला. मी खुशालीचं विचारत होतो. तीही मजेत सांगत होती, पोरगी दिवाळीला इकडे येणार आहे, बँकेच्या आवारात मोहाचं मोठं झाड आहे. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मधेच ती कोणाला तरी म्हणाली, "या बाबा, असे इकडं सावलीत बसा." मग मला म्हणाली, "काका, ठेवू काय? लय दुरून पायी आलेलं माणूस हाये."

मी हो म्हणायच्या आत फोन बंद झाला. तरी मी तो थोडा वेळ कानालाच धरून बसलो.