नाव कमी केल्याचा दाखला

कागद गोळा करण्यात माणूस किती दमतो, हे ज्याला कधी घरासाठी अर्ज करावा लागला नाही त्याला सांगून कळायचं नाही. मी तेव्हा पस्तिशीची होते. कोल्हापुरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि त्या पावसाळ्यात शाळा सुटली की रोज कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या बाकावर जाऊन बसत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शहराबाहेर भाड्यानं द्यायचे नवे गाळे बांधून तयार झाले होते. दोन खोल्या, मोरी आत, नळही आत. अट एकच होती, अर्जदाराला कुटुंब पाहिजे. एकट्या माणसाला गाळा नव्हता.

मी एकटीच होते. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ झालं नव्हतं. सासरच्यांनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक उंबऱ्याबाहेर आणून ठेवली, त्यामुळे तिकडचा विषय मिटलाच. कुटुंब म्हणावं असं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे आई. ती चंदगडकडच्या खेड्यात एकटी राहायची. आदल्या पावसाळ्यात तिच्या घराची मागची भिंत बसली आणि ती चिखलात घसरून पडली. सकाळपासून दुपारपर्यंत तशीच पडून होती. शेजारीण चुलीला विस्तव मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर मला तारच आली असती. ते ऐकलं तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या पावसाळ्यात आईला तिथं ठेवायचं नाही.

पण आणायचं कुठं? पेठेतली माझी खोली घरमालकांनी ‘एकटीच राहणार असाल तर’ या बोलीवर दिलेली. गाळा मिळाला तरच आई, आणि आई असली तरच गाळा.

यात आणखी एक पेच होता आणि तो कुठल्याच छापील अर्जात नव्हता. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खायचं नाही, अशी रीत. बाकीच्यांची ही रीत दोन-तीन वर्षांत आपोआप सुटते. माझ्या आईची सुटणारच नव्हती. वर्षातून दोनदा ती मला भेटायला यायची ती फडक्यात भाकऱ्या आणि चटणी बांधून. पाणी तेवढं प्यायची, ती सूट तिनं स्वतःच घेतलेली. माझ्या खोलीत, माझ्यासमोर बसून ती स्वतःची शिळी भाकरी खायची आणि मी माझं ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. लग्न झाल्यापासून पंधरा वर्षं हे असं चाललं होतं. सुरुवातीला मी भांडले, रडले, मग विचारायचंच सोडून दिलं.

तरी मी तिला पत्र टाकलं, घर बघते आहे, कायमची माझ्याकडं ये. गावच्या मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं, ‘तुला बरे वाटेल तसे कर.’ हा होकार आहे असं मी धरून चालले. दमलेलं माणूस आपल्या सोयीचा अर्थ काढतं.

मग कागद सुरू झाले. पगाराचा दाखला शाळेतूनच मिळायचा, तरी त्याला बारा दिवस लागले, कारण शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडं होती. राहत्या जागेबद्दल घरमालकांचं पत्र हवं होतं. त्यांना वाटलं, आपण भाडेकरू म्हणून लिहून दिलं तर ही बाई उद्या खोली बळकावेल. त्यांनी फार विचार करून लिहिलं, ‘सदर बाई आमचेकडे पाहुण्या म्हणून राहतात.’ सात वर्षांची पाहुणी! ते पत्र परत करून दुसरं लिहून घेईपर्यंत माझ्या चार संध्याकाळी गेल्या. नकला खऱ्या असल्याबद्दल त्यांवर मोठ्या सरकारी अधिकाऱ्याची सही लागायची. ओळखीत तसे एकच निघाले, जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर. त्यांच्या अंगणात पाचसहा म्हशी आणि मी अशा रांगेत उभ्या. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी हात धुतले, पुसले आणि आठ नकलांवर आठ सह्या ठोकल्या. तेवढं एक काम विनातक्रार झालं.

शेवटचा कागद रेशनकार्ड. त्यावर आईचं नाव माझ्याबरोबर दिसायला हवं होतं. त्यासाठी तिचं नाव आधी गावाकडच्या कार्डातून काढल्याचा तलाठ्याचा दाखला पाहिजे. एवढ्यासाठी मला रजा मिळेना. मी आईला निरोप धाडला, दाखला काढ आणि चंदगडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ दे. आमच्या भागात कागदपत्रं, काजूगर, औषधं, सगळं एसटीच्या कंडक्टरच्या हातीच यायचं-जायचं. आठवड्यानं स्टँडवर एका खाकी सदऱ्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला निघाला. वर तलाठ्याचा शिक्का दिसला. घोडं गंगेत न्हालं म्हणून मी तो न वाचताच फायलीत घातला. मुलांना दिवसभर ‘नीट वाचा, मग लिहा’ म्हणून ओरडणारी मी.

रेशनच्या ऑफिसातले कारकून वयस्कर होते, नाकावर घसरलेला चष्मा, बोलणं कोल्हापुरी, सरळ तोंडावर. त्यांनी दाखला वाचला, चष्मा वर केला आणि माझ्याकडं बघत राहिले.

“बाई, नाव चढवायचं कुणाचं म्हणालासा?”

“आईचं.”

“पण ह्यात तर त्या मयत हायत.”

मी कागद हिसकावून घेतला. नाव कमी करण्याचे कारण, या शब्दांपुढं खरंच लिहिलं होतं, मयत. आठवड्यात खरंच काही झालं असेल आणि मला कळवलं नसेल, असं क्षणभर वाटून गेलं. मग तारीख बघितली, दाखला माझ्या हाती आला त्याच्या आदल्या दिवसाची. आणि तो देताना कंडक्टर म्हणाला होता, ‘आजींनी सोता आणून दिला.’ तेव्हा कुठं माझा श्वास परत आला, आणि श्वासापाठोपाठ संताप. गाळ्याच्या अर्जाला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी बिनपगारी रजा टाकून पहिल्या एसटीनं निघाले. पाऊस असा की खिडकीची ताडपत्री आत-बाहेर दोन्हीकडून भिजलेली. आधी तलाठ्याला गाठलं. तो बिचारा तरुण होता, मला बघूनच उठून उभा राहिला.

“माझी चूक न्हाय, बाई. तुमच्या आईनंच सांगितलं. मी म्हनलं, आजी, तुमी तर समोर हुब्या हाय. तर म्हनल्या, आज न्हाय तर उद्या मरनारच की, लिव तू.”

“आणि तुम्ही लिहिलंत?”

“आमच्या गावात नाव कमी हुतं ते दोनच कारणानं, लगीन न्हायतर मरण. लगीन लिवू काय म्हनलं, तर काठी उगारली त्यांनी.”

दुसरा कोणताही दिवस असता तर मी हसले असते.

आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. मी ओल्या चपलांसकट वर चढले आणि दाखला तिच्यापुढं टाकला. हे काय केलंस, विचारलं. तिनं कागदाकडं पाहिलं नाही.

“कार्डावर नाव चढलं म्हंजे तुझ्या वाट्याचं धान्य खायाचं. लेकीच्या दारात खायाला गेली, असं गावच्या दप्तरात ऱ्हाऊ दे व्हय? त्यापरीस मेलेली बरी.”

“मग मी गं?” मी ओरडले. आजूबाजूची घरं ऐकत असणार याची मला पर्वा राहिली नव्हती. “तुझी रीत ऱ्हाऊ दे, तुझं गाव ऱ्हाऊ दे, आणि मी? मला मूल झालं नाही तो माझा गुन्हा, म्हणून मी भिंतीकडं तोंड करून जेवायचं? तुझ्यासाठी मी दोन महिने कुत्र्यासारखी फिरते आहे आणि तू स्वतःला मारून मोकळी होतेस?”

ती सूप पुन्हा ओढून खडे काढू लागली. मी कोपऱ्यात पाठ टेकून बसले ती तशीच झोपून गेले, इतकी दमले होते. सकाळी उठले तर ती लुगडं नेसून, डोकीवर पदर घेऊन उंबऱ्यात बसलेली. शेजारी गाठोडं. नेहमीचं भाकरीचं फडकं त्यात नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तलाठ्यानं ‘मयत’वर आडवी रेघ मारून ‘स्थलांतर’ लिहिलं, शेजारी सही केली, आणि आम्ही गाडी पकडली.

रेशनच्या ऑफिसात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. कारकुनांनी आईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“जित्या हायसा म्हनायचं. बसा.” त्यांनी कोरं कार्ड पुढं ओढलं.

आई बसली नाही. टेबलाला टेकून तिनं विचारलं, “पयलं नाव कुणाचं घालतासा?”

“कुटुंबप्रमुखाचं. म्हंजे बाईंचं. त्याच्याखाली तुमी, आई म्हणून.”

“म्हंजे मी हिच्यात?”

“व्हय.”

“तसं नगं. माझं नाव वर घाला. तिला खाली घाला, लेक म्हणून.”

कारकुनांनी माझ्याकडं बघितलं. “चालतंय की तसं. पण बाई, तुमच्या फायलीतल्या गाळ्याच्या अर्जात आन् त्या स्टँपावरच्या प्रतिज्ञापत्रात प्रमुख म्हणून तुमचं नाव हाय. ते समदं पुन्ना करावं लागंल. नकलाबी.”

अर्जाला एकच दिवस उरला होता. पुन्हा स्टँपपेपर, पुन्हा टाइपवाला, पुन्हा म्हशींची रांग. माझ्या तोंडात शिवी आली होती, खोटं कशाला सांगू. मी आईकडं वळले. ती माझ्याकडं बघत नव्हती. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती. पंधरा वर्षं जी रीत तिला मोडता आली नाही, तिच्यातून बाहेर पडायला रात्रभर जागून तिनं एवढी एकच वाट शोधली होती. ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

“घाला,” मी म्हणाले. “तिचं नाव वर घाला.”

दुसऱ्या दिवशी सगळे कागद पुन्हा केले. अर्ज खिडकी बंद होता होता आत गेला आणि गाळा आठ महिन्यांनी मिळाला. तोवर घरमालकांनी कुरकुरत का होईना, आईला माझ्या खोलीत राहू दिलं.

पण त्या दिवशी, कार्डाची शाई वाळेपर्यंत, आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. माझ्या पिशवीत डबा होता. तालुक्याच्या गावी पुढच्या गाडीला वेळ होता, तेवढ्यात मी स्टँडजवळच्या ओळखीच्या बाईंच्या स्टोव्हवर दोन भाकऱ्या थापल्या होत्या, वांगं परतलं होतं. सवयीप्रमाणं मी तिला विचारलं नाही. डबा उघडला आणि भिंतीकडं वळले.

“हिकडं आण,” आई म्हणाली. “माझ्याच घरचं हाय न्हवं आता?”

तिनं अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर वांगं घेतलं आणि खाल्ली. पंधरा वर्षांत माझ्या हातचा तो तिचा पहिला घास. मी झाकण हातात धरून नुसती बघत राहिले. मीठ कमी पडलंय, ती म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीला हात घातला.