कुलूप उघडण्याआधीची हाक

जनार्दनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला टपरीवर चहा पीत उभा होतो. काकूंनी दोनच वाक्यं सांगितली. एक, काका गेले. दुसरं, "मधल्या कुलपाला कोनाचा हात लागू देऊ नको." दीड महिना झाला, पण ते दुसरं वाक्य अजून पाठ सोडत नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काका फिटर होते. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. चिंचणीच्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीची अख्खी भिंत कुलपांची. प्लायवूडची फळी आणि खिळ्याखिळ्याला एकेक कुलूप. एक किल्ली स्क्रूसारखी फिरवत राहिल्यावर उघडणारं, एक आकडे जुळवायचं, एक दोन किल्ल्यांचं. त्यात पहिली फिरल्याशिवाय दुसरी आत जातच नसे. एकाला तर भोकच दिसत नव्हतं... कडेचं पितळी फूल सरकवलं की खाली सापडायचं. काका किल्ल्यांचं कुठलंही कुलूप वाकवलेल्या तारेनं उघडून दाखवत. पण आधी त्याच्यापाशी तोंड नेऊन विचारत, "आत कोन हाय का?" थोडं थांबत, मगच तार घालत. आम्ही हसून बेजार. मुठीएवढ्या कुलपात कोण असणार! ती तार मीही शिकलो आणि कारखान्यात भाव खाऊ लागलो. कुणाची किल्ली हरवली की मलाच बोलावणं. हाक मात्र उचलली नाही, लाज वाटायची.

फळीच्या मधोमध एक साधं लाल कुलूप होतं. ते काका कधीच उघडत नसत. शेवटच्या भेटीत मी थट्टेनं म्हटलं, "काका, याच्यापुढे हात टेकले वाटतं?" ते हसले नाहीत.

"बाळूचं हाय ते," म्हणाले. आमच्याकडची रीत अशी, की मशीनच्या पोटात उतरणाऱ्यानं बाहेर स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. माझ्या आधीच्या काळातला बाळू नावाचा कामगार असाच मशीनच्या टाकीत उतरला होता. पाळी सुटली, कुलूप तसंच. "सायेब बोलला, बाळू घरी गेला, कुलूप विसरला. मीपन मानलं. दोन मिन्टांत उघडलं, मशीन सुरू झाली... किल्ली त्याच्या खिशातच व्हती रे. मी हाक नाय मारली." मग म्हणाले, "तुला तार शिकवली, ती माजी दुसरी चूक." माझ्या कलेला चूक म्हणतात याचा मला राग आला. चहा अर्धा टाकून निघालो, आणि मग भेटच झाली नाही. त्या अर्ध्या कपाचं आज फार वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात पाळी सुटल्यावर मोठ्या मिक्सरच्या स्विचला विलासचं कुलूप लटकत होतं. "गेला घरी कुंभवलीला, पोरीचा वाढदिवस आहे त्याच्या," साहेब म्हणाले. "उघड पटकन." मी तार आत घातलीसुद्धा होती, आणि हात थांबला. मिक्सरच्या झाकणाशी जाऊन ओरडलो, "आत कोन हाय का?" उत्तर नाही. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं, साहेब घड्याळ दाखवू लागले. तरी मी विलासच्या घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, "नाय आले अजून. कारखान्यातच हायत ना?"

आत बॅटरी मारली तर तळाशी विलास पडलेला, रसायनाच्या वासानं बेशुद्ध. हाक त्याला ऐकू गेलीच नव्हती. श्वास तेवढा चालू होता. त्याला बाहेर काढलं, वाचला.

रविवारी चिंचणीला जाऊन काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी लाल कुलपावरची धूळ पदरानं पुसली आणि आत निघून गेल्या. मी खिशातली तार काढून त्या कुलपाच्याच खिळ्याला अडकवली. मग कुलपाशी तोंड नेलं, "आत कोन हाय का?" आणि काका थांबत तेवढाच थांबलो...