स्पीकर उतरवण्याआधी

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जॉर्जियातल्या तिबिलिसीत, शूटिंगची परवानगी देणाऱ्या कचेरीत रांगेत उभी होते. खोपोलीहून त्यांची मुलगी बोलत होती. "अब्बा गेले, सुनंदाताई. संध्याकाळी दफन आहे." इतक्या लांबून पोचणं शक्यच नव्हतं. मी रांगेतच राहिले. रांग सोडली असती तर पहिले तेच ओरडले असते...

जॉर्जियात आपल्याकडची सिनेमाची युनिटं येतात. त्यांच्या परवानग्या, गाड्या, जेवण, गावातली मदत हे सगळं रफिकभाई बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. आठवीत शाळा सुटलेली, कर्जतजवळच्या कोंडाण्याची बाई इथं कशी, असं पुष्कळ जण विचारतात. गावाजवळ शूटिंग असलं की मी युनिटला भाकऱ्या करून द्यायचे. रफिकभाई तेव्हा कर्जत-खालापूरकडची लोकेशनं बघत. गाडीतून उतरले की परवानगीचा कागद खिशातच ठेवायचे आणि आधी विचारायचे, "गावात कुणाचं सुतक नाय ना गं?" असलं तर त्या दिवशी ट्रकमधून स्पीकर उतरायचा नाही. पुढं त्यांनी मला इकडं बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "भाई, मला तिकडची भाषा नाय येत." ते म्हणाले, "मला तरी कुठं येत होती? चहा मागता आला की झालं."

पहिल्याच वर्षी डोंगरातल्या एका गावात गाणं होतं. कागद सगळे हातात, नाचणाऱ्या मुली तयार. रफिकभाईंनी दुभाषी बाईकडून नेहमीचा प्रश्न विचारला. समोरच्या घरातली म्हातारी वारली होती, चाळिसावा दिवस व्हायचा होता. तिचा नवरा, वाझाआजोबा, नुसता खिडकीत बसून होता. त्यानं कुणाला अडवलं नव्हतं.

"आमच्यातपण चाळिसावा असतो," रफिकभाई दिग्दर्शकाला म्हणाले. "आज गाणं नको वाजवायला."

"परवानगी आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की. त्यांना विचारलं तर तेही नाय म्हणणार नायत. म्हणून तर विचारवत नाय."

दिग्दर्शक तापला. पुढचं काम दुसऱ्याला देतो म्हणाला. माझा इथं राहण्याचा परवाना या कामावरच होता. काम गेलं की मी परत कोंडाण्याला. रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "भिऊ नको गं. आधी चहा दे सगळ्यांना."

चहा पिता पिता नाच बसवणाऱ्या बाईच म्हणाल्या, मी ओढणी हलवून ताल देते. कॅमेऱ्यामागं उभं राहून त्या लाल ओढणी खालीवर करत राहिल्या आणि मुली नाचल्या. आवाज फक्त दगडांवर पडणाऱ्या पावलांचा. गाणं पुरं झालं. दिग्दर्शकानं पुढचं काम मात्र खरंच दुसऱ्याला दिलं. तो हिवाळा जड गेला, पण माझा परवाना रफिकभाईंनी संपू दिला नाही. ते कुणाकुणाच्या पायऱ्या चढले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच गावात नवं युनिट घेऊन गेले. पहिल्यांदाच एकटी. हे काम बिघडलं असतं तर रफिकभाईंनी उभं केलेलं सगळंच मिटलं असतं, आणि माझं इथलं राहणंही. उतरल्या उतरल्या मोडक्यातोडक्या भाषेत नेहमीचा प्रश्न विचारला. वाझाआजोबा बाकावर बसले होते. गावात कुणाचं सुतक नाही, अशी त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर ड्रायव्हरशेजारच्या, रफिकभाईंच्या रिकाम्या सीटवर गेली... मी वर बोट दाखवलं.

त्यांनी विचारलं, चाळीस झाले का? चाळीस हा त्यांचा शब्द मला कळतो. मी नाही म्हटलं.

ते उठून घरात गेले. आत लागलेला रेडिओ बंद झाला.

मी ट्रककडं वळले. दोन माणसं स्पीकर उतरवायला वर चढली होती. त्यांना म्हटलं, थांबा रं. आधी चहा घ्या.